पुसता येणारा रंग

नलवडे सरांना रागवायला एकच शब्द पुरत असे : 'ऐकीव'. पाचवीतल्या एखाद्या पोराने आंब्याचे झाड म्हणून हिरवा ढग काढला, की सर त्याची वही उजेडाला धरत आणि म्हणत, "हे ऐकीव झाड आहे. झाड असं असतं, असं तुला कुणीतरी सांगितलं. खरं झाड बाहेर उभं आहे, त्याला विचारून ये." शिक्षकखोलीत कुणी बदल्यांच्या बातम्या सांगू लागले, तर खिडकीबाहेर पाहत ते पुटपुटत, "ऐकीव." एकदा तर शिपायाने आणलेल्या चहाचा घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला. "या चहानं आल्याचं नुसतं नाव ऐकलंय," ते म्हणाले.

आमची शाळा भीमेच्या काठी. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. मी पलीकडून, पूल ओलांडून एसटीने येत असे आणि मराठी शिकवत असे. सर चित्रकला शिकवत. ठेंगणे, रुंद खांद्यांचे. अंगाला जवसाच्या तेलाचा आणि कापराचा मिसळलेला वास. उजव्या अंगठ्याच्या नखाभोवती निळ्या रंगाची कोर कायमची बसलेली. सदऱ्याच्या खिशात इतरांचे पेन असते तिथे त्यांचा कापसाचा एक बोळा असे. कान फुटतो की काय, असे नव्या माणसाला वाटे. आणि काहीही पाहायचे झाले की ते एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून पाहत. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे तसे पाहिले आणि मी रागाने लाल झाले. शेजारी बसलेले विज्ञानाचे रणपिसे सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते तुमच्याकडं नाही, तुमच्या मागच्या लिंबाकडं बघतायत. तुम्ही जरा मधे आलात."

त्या दोघांची मैत्री अशा खोड्यांवर पोसलेली होती. मधल्या सुट्टीत एकच डबा दोघांच्या मधे उघडे. भाकरी नलवड्यांची, खरडा रणपिश्यांच्या घरचा. रणपिसे वयाने बरेच लहान, पण बोलण्यात कधी मागे हटले नाहीत.

आणि या दोघांच्या मधे तिसरे एक होते : चित्र.

शाळेच्या आवारातच गावाचे वाचनालय आहे. तिथल्या मोठ्या भिंतीवर, दोन्ही हात पसरले तरी कवेत येणार नाही एवढे रुंद एक तैलचित्र होते. एकोणिसाव्या शतकात देशोदेश हिंडून देखावे आणि इतिहासातले प्रसंग रंगवणारा कुणी गोरा चितारी या वाटेने गेला, तापाने आजारी पडून गावात राहिला, आणि जाताना उपकाराची फेड म्हणून हे चित्र ठेवून गेला, असे सांगत. कोपऱ्यातली सही वाळवीने खाल्ली होती. सर पुढे जोडत, "चितारी ऐकीव आहे. चित्र मात्र खरं."

चित्रात नदीचा उतार होता, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. पलीकडच्या काठावरून फौज पाण्यात उतरते आहे : हत्ती, निशाणे, भाल्यांचे दाट रान, वर तांबूस धुळीचा पडदा. त्यामागे डोंगराची निळी कड, ओल्या बोटाने पुसत नेल्यासारखी. आणि अलीकडे, अगदी पुढे, पाण्याच्या कडेला ओल्या वाळूत एक माणूस घोडा धरून उभा. डोक्याला पांढरे मुंडासे, खांद्यावर तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, आणि पाय उघडे. घोडा पाणी पितो आहे आणि माणूस त्याच्या मानेवर तळवा ठेवून, आपल्याला कुणी पाहते आहे हे न कळता, नुसता उभा आहे. त्या तळव्याखालची घोड्याची कातडी थरथरते, असे मला दरवेळी वाटे.

सर वर्गच्या वर्ग घेऊन त्याच्यासमोर येत. पोरे सवयीने चपला काढू लागली की ओरडत, "चपला घाला! हा देव नाही, चित्र आहे. ताठ उभं राहून बघायचं. पाया पडलात की डोळे मिटतात." मग अंगठा पुढे करून सांगत, "मागची सगळी फौज ऐकीव आहे. हत्तीचे गुडघे बघा, उलटे वाकलेत. चिताऱ्यानं ही लढाई पाहिलेली नाही, कुणीतरी सांगितली त्याला. पण हा माणूस? याच्या टाचेमागं वाळूत पाणी भरलंय, दिसतंय? हे सांगून कळत नाही. चितारी बसला होता, हा समोर उभा होता, आणि घोडं हलत होतं म्हणून त्याचा पुढचा पाय दोनदा काढलाय. एवढ्या चित्रात पाहिलेला माणूस एकच."

एकदा हिवाळ्यात नववीचा वर्ग घेऊन आम्ही तिघे नदीवर गेलो. चितारी नेमका कुठे बसला असेल ते शोधायचे होते. उतार केव्हाच बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली गेलेला. पाण्यावर जलपर्णीचा जाड हिरवा गालिचा, त्याखालून येणारा कुजकट, साबणासारखा वास. पलीकडे उसाचे फड आणि पाणी ओढणाऱ्या मोटारींची एकसुरी घरघर. सर काठाकाठाने एक डोळा मिटून चालत राहिले आणि एका बाभळीपाशी थांबले. "इथं. इथं बसला होता लबाड." लबाड का, म्हणून मी विचारले. त्यांनी यवतच्या दिशेला बोट केले. भुलेश्वराच्या डोंगराची कड पार उजवीकडे होती. चित्रात ती मध्यावर, फौजेच्या बरोबर मागे आहे. "डोंगर उचलून आणलाय त्यानं. शोभतो म्हणून. असू द्या बाई, डोंगर सरकवला तर डोंगराला काही होत नाही."

पोरे चिंचा पाडण्यात गुंतली होती. चित्राचा फोटो हातात घेऊन रणपिसे म्हणाले, "सर, हा माणूस आमच्यातलाच दिसतोय."

"कशावरून?"

"सगळी फौज पलीकडं, आणि घोडं पाजायला हा एकटाच अलीकडं. पायात वहाण नाही." ते हसले, मग हसू तसेच ठेवून म्हणाले, "आमचे आजोबा सांगायचे, आपले जुने लोक शिरूरला घोडनदीच्या छावणीत गोऱ्यांच्या घोड्यांमागं होते. मोतद्दार."

"ऐकीव," सर सवयीने म्हणाले.

"ऐकीवच. आमच्याकडं तेवढंच असतं, सर. चित्रं तुमच्याकडं."

मोटारींची घरघर मोठी झाल्यासारखी वाटली. सरांनी मिटलेला डोळा उघडला. रणपिश्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मग हा घ्या. हा तुमचा. आजपासून."

थट्टा होती ती, आणि नव्हतीही. त्यानंतर मधल्या सुट्टीत डबा संपला की रणपिसे हात पुसत वाचनालयाकडे निघत. "कुठं?" असे विचारले की म्हणत, "आजोबांना भेटून येतो." विहारातल्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांनाही ते चित्र दाखवायला घेऊन येत. एकदा त्यांची म्हातारी आई आली होती. तिने पदराने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाली, "घोडं गुणाचं हाय." सर शेजारी उभे होते. कुणी आपल्या घराची तारीफ करावी तसे ते लाजले.

पुढच्या वर्षी वाचनालयाच्या समितीची सभा झाली. अध्यक्षपदी पाटील घराण्यातले आबा. धिप्पाड, मिश्किल, मनाचे वाईट नव्हेत. त्यांचा पुतण्या संग्राम नुकताच समितीत आलेला. स्पर्धापरीक्षेच्या मुलांसाठी भिंतीवर मोठा पडदा लावायचा ठरत होता.

"मग त्या गोऱ्याच्या चित्राचं काय?" कुणीतरी विचारले.

"काढा की," संग्राम म्हणाला. "जाळी धरलीया नुसती. गोऱ्यांचं कौतुक कशाला पायजे आपल्याला?"

"आन् ठिवायचं कुठं?"

"सोसायटीच्या गोदामात. खताच्या पोत्यामागं जागा हाय."

आम्ही तिघे शिक्षकही सभेला होतो, सर माझ्या शेजारी. ते गोदाम आम्हाला माहीत होते. भिंतींना बोट लावले तर ओले होई आणि युरियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येई. एका पावसाळ्यात तिथे कापडाचे काय झाले असते, हे सांगायला चित्रकार लागत नव्हता.

सर उठले. "आबा, त्या चित्रात पुढं उभा आहे तो कोण, माहीत आहे का?"

"कोण?"

सरांनी खिशातला कापूस चाचपला. ते का, हे त्यांना तरी ठाऊक होते की नाही कोण जाणे. "तुमच्या घराण्यातला आहे. मूळपुरुष. फौजेच्या पुढं येऊन उतार तपासतोय. खांद्यावर ढाल आहे, बघा."

आबा उठले, चष्मा नाकावर नीट बसवत चित्राजवळ गेले, मान मागे घेऊन पाहिले, पुढे वाकून पाहिले. मग वळून सगळ्यांना म्हणाले, "नाक तर आमचंच हाय."

हशा पिकला. त्या हशात चित्र वाचले. पडदा दुसऱ्या भिंतीवर गेला. मागच्या बाकावर रणपिसे आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत बसले होते. सभा सुटल्यावर ते दारात थांबले आणि म्हणाले, "बरं झालं, सर. चित्र वाचलं."

सर आयुष्यभर हे वाक्य आठवून अस्वस्थ होत. त्यात टोमणा नव्हता, हेच त्यांना सोसत नसे.

खोटे एकदा घरात आले की त्याला पांघरूण लागते. आठ-पंधरा दिवसांतच संग्राम शाळेत आला. "सर, मूळपुरुष म्हणता, मग अनवाणी कसा? आन् तलवार कुठाय?" सरांच्या तोंडून निघून गेले, "वरचे रंग उडालेत." "मग द्या की लावून. तुमच्याशिवाय कोन हाय?" खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी वाचनालयात पुस्तकांची पूजा होई. यंदा चित्राचीही व्हायची होती.

सर सुट्टीच्या दिवशी वाचनालयाचे दार आतून लावून बसले. मी नेमकी पुस्तक परत करायला गेले, तर त्यांनी मला आत घेतले. स्टुलावर पोस्टर कलरच्या बाटल्या, वाटीत डिंकाचे पाणी. तैलचित्रावर पाण्याचा रंग धरत नाही, थेंब थेंब होऊन निसटतो. म्हणून त्यांनी त्यात साबणाचा एक थेंब घातला होता. त्या माणसाच्या पायांत तांबडे, कलाबतूचे चढाव, म्हणजे सरदारी जोडे, चढत होते. कमरेला तलवार आली होती. तोबऱ्यावर पितळी फुले उमटून त्याची ढाल झाली होती.

"पुसता येणारा रंग आहे, बाई," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "ओला कापूस फिरवला की गेलं. खालच्या रंगाला धक्का नाही. पोरांचा उत्साह ओसरला की एखाद्या दिवशी पुसून टाकीन." खिशातला बोळा काढून त्यांनी मला दाखवला, जणू तो जामीनदार होता.

उत्साह ओसरला नाही. पहिल्या वर्षी झेंडूचा हार आला, दुसऱ्या वर्षी दारावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' ही पाटी. लग्नाच्या वराती थांबू लागल्या. नवरे मूळपुरुषापुढे उभे राहून फोटो काढत आणि ते फोटो दिवसभर गावच्या मोबाइलवर फिरत. कुंकवाची बोटे चित्रापर्यंत पोहोचू नयेत म्हणून सरांनी नाना युक्त्या केल्या. समोर समई आणून ठेवली. मग पितळी पावलांची जोडी आणून पाटावर मांडली आणि जाहीर केले, की कुंकू इथेच वाहायचे. एका म्हातारीने पावलांना कुंकू वाहिले आणि उरलेले बोट मूळपुरुषाच्या कपाळाला लावले. "त्येच्या बी कपाळाला नगं व्हय, मास्तर?" तिने विचारले. सरांनी स्वतःच ते कपाळ तिला दिले होते.

रणपिश्यांना दर खंडेनवमीला शिरूरला काही ना काही काम निघे. एरवी काहीच बदलले नव्हते. डबा तसाच मधे उघडे, खरडा तितकाच झणझणीत. फक्त जेवण झाल्यावर रणपिसे हात धुऊन प्रयोगशाळेत जात. 'आजोबा' हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही. सर भाकरीचा तुकडा हातात धरून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत. दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"एकदा तरी शिवी घालायची होती त्यांनी मला," एकदा ते म्हणाले. "मी लगेच पुसलं असतं."

पुसायला शिवी कशाला लागते, असे माझ्या मनात आले. पण त्यांचा चेहरा पाहून ते तिथेच ठेवले.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी वाचनालयाची डागडुजी झाली. कपाटांना झिलई द्यायला यवतहून पॉलिशवाला आला. काम संपले तेव्हा डब्यात थोडे पॉलिश उरले होते. "ह्येच्यावर बी मारा एक हात," संग्राम म्हणाला. "चमकू द्या की सरदाराला." सर तेव्हा डोळ्यांच्या तपासणीसाठी दौंडला गेले होते.

परतल्यावर ते थेट वाचनालयात आले. मी तिथे वह्या तपासत बसले होते. दालनात स्पिरिटचा गोडसर, डोके जड करणारा वास कोंडला होता. चित्र काचेसारखे लखलखत होते. हत्ती, धूळ, डोंगर, सगळ्यांवर एकच पिवळी चकाकी. सरांनी माठातले पाणी पेल्यात घेतले, खिशातला बोळा भिजवला आणि त्या तांबड्या चढावावरून हलकेच फिरवला. मग जोराने फिरवला. बोळा उलटून खिडकीशी नेला.

कापूस पांढराच होता.

इतक्या वर्षांत मी त्यांना पुष्कळदा रंगांनी माखलेले पाहिले. त्या स्वच्छ कापसाकडे पाहताना मात्र त्यांचा चेहरा काहीतरी सांडल्यासारखा झाला. बोळा त्यांनी घडी घातल्यासारखा करून पुन्हा खिशात ठेवला आणि ते निघून गेले. पेल्यातले पाणी टेबलावर राहिले.

निवृत्तीनंतर ते गावातच होते. हाताला कंप सुरू झाला. चहाचा पेला दोन्ही हातांत धरावा लागे. गेल्या वर्षी, श्रावणाच्या शेवटी, दौंडच्या एसटी स्थानकात ते मला भेटले. बाकावर, फुटलेल्या शेंगांच्या टरफलांत, आम्ही शेजारी बसलो.

"रणपिसे पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होतायत," ते म्हणाले. "मुलीकडं पुण्याला राहायला जाणार म्हणतात."

"हो, मला म्हणाले."

"म्हणजे त्यांच्या गावातनं ते जाणार. त्यांचा माणूस इथंच राहणार, दुसऱ्याचे चढाव घालून." पायाने त्यांनी टरफले बाजूला सारली. "मी म्हणालो होतो तुम्हाला, डोंगर सरकवला तर डोंगराला काही होत नाही. मी माणूस सरकवला, बाई. आधी त्यांना दिला, मग त्यांच्यासमोर काढून घेतला. आणि वर पुसता येणारा रंग लावला म्हणून स्वतःला शहाणा समजत राहिलो."

"पण सर, तुम्ही बोलला नसता तर चित्र गोदामात कुजलं असतं."

"तेच तर. आता बोललो तर जाईल." दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून त्यांनी कंप थांबवला. "चित्र वाचवलं, चित्र वाचवलं, म्हणतो मी. त्यात पाहिलेला माणूस एकच होता. तोच मी ऐकीव करून टाकला. मग वाचवलं काय? हत्ती?"

माझी गाडी लागली. ते उठले नाहीत.

त्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेले. दालन झेंडूच्या तुरट वासाने भरलेले. आबा आता फार थकले होते. त्यांना खुर्चीत बसवून आणले होते. पूजेचे ताट उचलले जाणार, एवढ्यात सर पुढे आले. पायांत चपला होत्या. कुणीतरी हळूच त्याकडे बोट केले. मग माझी नजर मागे गेली : दाराच्या चौकटीला टेकून रणपिसे उभे होते. त्यांना कुणी बोलावले होते, ते मला अजून ठाऊक नाही.

"आबा," सर म्हणाले, "हा तुमचा मूळपुरुष नाही. मी खोटं बोललो होतो. चित्र गोदामात जाऊ नये म्हणून. हा घोड्याचा मोतद्दार आहे. खांद्यावर ढाल नाही, तोबरा आहे. पायात काही नव्हतं. चढाव मी घातले, तलवार मी लावली."

समईची वात तडतडली. संग्रामचा चेहरा आधी कोरा झाला, मग तापला. "म्हंजी? इतकी वर्सं आम्ही मोतद्दाराच्या पाया पडतोय?"

"पडलात की," मागून आवाज आला. रणपिसे चौकटीपासून हलले नव्हते. "काही झालं का तुम्हाला?"

सगळे आबांकडे पाहू लागले. आबांनी चष्मा लावला आणि चित्राकडे पाहिले. त्या पहिल्या सभेत पाहिले होते तसेच, आधी मान मागे घेऊन, मग पुढे वाकून.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "मग ते नाक?"

"नाक ज्याचं त्याचं आहे, आबा."

आबांनी चष्मा काढून मिटला. अपमानापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हरवल्याचे दुःख होते आणि ते पाहून सरांची मान आणखी खाली गेली. एका माणसाला परत करताना दुसऱ्याकडून काढून घ्यावे लागणार, हे त्यांनी धरले नव्हते. "उतरवा चित्र," आबा म्हणाले आणि खुर्ची उचलायची खूण केली.

"गोदामात?" संग्रामने विचारले.

"गोदामात नको," रणपिसे म्हणाले. "प्रयोगशाळेत जागा आहे माझ्या."

हार काढून चार जणांनी ते अंगण ओलांडून नेले. सर मागे राहिले, रिकाम्या भिंतीवरच्या फिक्या चौकोनासमोर. सांडलेली फुले गोळा करून त्यांनी पितळी पावलांवर ठेवली. आता त्या भिंतीवर एका घोडेस्वाराचे फ्लेक्स आहे. ते कुणाचे, हे गावात कुणी विचारत नाही.

पौषात सर गेले. त्याआधी मी त्यांना एकदाच पाहिले. शनिवारची शाळा सुटून गेलेली. प्रयोगशाळेच्या खिडकीतून हिवाळ्याचे पातळ, लिंबाच्या पानांतून गाळलेले ऊन आत येत होते. लांब टेबलावर चित्र आडवे ठेवलेले. सर त्यावर वाकून, काडीला गुंडाळलेला कापूस स्पिरिट आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणात बुडवून, नखाएवढ्या जागेवर फिरवत होते : आधी पॉलिश विरघळवायचे, मग पाण्याचा बोळा. हात थरथरत होता, म्हणून रणपिश्यांनी त्यांचे कोपर दोन्ही हातांनी धरले होते, परीक्षानळी धरावी तसे, दाब न देता. बशीत तांबड्या बोळ्यांचा लहानसा ढीग झाला होता.

एक पाऊल उघडे झाले होते. बोटे वाळूत रुतलेली, टाचेमागे भरलेले पाणी, त्या पाण्यात आभाळाचा एक ठिपका. दुसऱ्या पायात चढाव अजून तसाच होता, आणि आजही तसाच आहे. रणपिश्यांनी तो पुढे कुणाला काढू दिला नाही, स्वतःही काढला नाही.

मी दारातच थांबले, कारण पायाशी काहीतरी लागले. उंबऱ्याबाहेर सरांच्या चपला होत्या. टाचा झिजलेल्या, एकमेकींना टेकवून नीट ठेवलेल्या. पोरांवर त्याच गोष्टीसाठी ओरडण्यात ज्यांचा जन्म गेला, ते सर आत त्या थंड फरशीवर अनवाणी उभे होते.

"सर, चपला घाला," रणपिसे मान वर न करता म्हणत होते. "फरशीवर अ‍ॅसिड सांडलेलं असतं पोरांचं. भाजेल."

"असू द्या," सर म्हणाले. "हात धरा नीट."